कुर्डीची फेरी: पैसे वसूल, देवळापाशी मात्र घाई

मे महिन्यात गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी उतरलं की त्यात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं आणि आमच्या फोंड्या-मडगावची माणसं गाड्या भरभरून फोटो काढायला धावतात. तेवढंच करायचं असेल तर ही फेरी घेऊ नका, आपली गाडी काढा. फेरी काढणारी मंडळी आधी कुर्डीकर जिथं जाऊन वसले त्या वाडे गावात नेतात, आणि मला फेरी आवडली ती त्यासाठीच.

गाव धरणात जाणार हे सांगायला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, खुद्द भाऊसाहेब बांदोडकर कुर्डीत आले होते. ऐंशीच्या दशकात घरं पाण्याखाली गेली आणि माणसं वाडे, वळकिणीला आली. सरकारनं जमीन दिली, भरपाई दिली. पण लागतं कुळागर, म्हणजे फळाला आलेली माडा-पोफळीची बाग, कोण देणार? वाटाड्या तिथल्याच घरातला. नांदती कुर्डी त्यानं पाहिलेली नाही. त्याची आजी अंगणात सोलं वाळत घालत होती. आम्ही विचारल्यावर मान वर न करता म्हणाली, "हांगा येतकच पयलीं रान कापलें, मागीर माड लायले." माड धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर काय खाल्लं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. परसातला तो पहिला माड मात्र तिनं हात लावून दाखवला.

मग कुर्डी. भेगाळलेला गाळ, चिऱ्यांचे चौथरे, एखादं तुळशीवृंदावन. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर म्हणून दाखवतात त्या चौथऱ्याशी सगळे रेंगाळले. १९०४चा त्यांचा जन्म. आमच्यातल्या एका पेटीवाल्यानं तिथं चपला काढल्या. सोमेश्वराची जत्रा असेल त्या दिवशी गेलात तर मूळचे कुर्डीकर भेटतील, वाटाड्याचीही गरज पडणार नाही.

तक्रार एकच, पण मोठी. कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलंय. अख्ख्या फेरीत जुन्या गावातली जशीच्या तशी उभी असलेली ही एकच वास्तू, आणि तिथं धड प्रदक्षिणा होईपर्यंत ड्रायव्हरचा हॉर्न!

माणशी बाराशे, जेवणासकट. उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) झकास. छत्री न्या, सावली औषधालाही नाही. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा. आमच्यातल्या एका काकूंना सोलकढी-भातावर भागवावं लागलं.