आयएसआरसी टिकवायचा असेल तर मास्टर कशात ठेवावा : वेव्ह की फ्लॅक?

ध्वनिमुद्रणांचे आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या ओळखीसाठीचे आंतरराष्ट्रीय कोड, हाती आल्यावर ते मास्टर (अंतिम मूळ) फाइलमध्येच नोंदलेले राहावेत, अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यापुढे बहुधा वेव्ह आणि फ्लॅक हे ध्वनिफाइलींचे दोनच प्रकार उरतात. आवाजाच्या दर्जाचा प्रश्न येथे येत नाही, कारण दोन्हींत तो जसाच्या तसा राहतो. कोडही दोन्हींसाठी एकच असतो, कारण तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो, फाइलच्या प्रकाराला नव्हे. प्रश्न आहे तो लिहिलेली माहिती टिकण्याचा.

वेव्हचे बळ असे की ती कुठेही उघडते आणि वितरकही बहुधा तीच मागतात. माहितीसाठी तिच्यात जागा नाही असे नाही. उलट जागा एकाहून अधिक आहेत आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जुना इन्फो विभाग आहे, आयडीथ्री टॅग (शीर्षक, कोड अशा माहितीची नोंद) जोडता येतो, शिवाय प्रसारणासाठीच्या बीडब्ल्यूएफ प्रकारात, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या शिफारशीप्रमाणे, कोड एएक्सएमएल विभागात लिहायचा असतो. एका प्रोग्रॅमने जिथे लिहिले तिथेच दुसरा शोधेल याची खात्री देता येत नाही. त्यातच इन्फो विभागात आयएसआरसी याच चार अक्षरांचे एक खाते असते, पण त्याचा अर्थ ‘सोर्स’, म्हणजे मूळ सामग्री पुरवणाऱ्याचे नाव, असा आहे. मीही सुरुवातीला ते खाते पाहून निर्धास्तपणे कोड तिथे भरले होते.

माझा निर्णय मात्र झाला तो एका वेगळ्याच प्रसंगाने. अकरा ट्रॅकच्या वेव्ह फाइलींत कोड आणि शीर्षके भरून झाल्यावर एका ट्रॅकच्या शेवटची अर्ध्या सेकंदाची शांतता कापण्यासाठी मी ती फाइल संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, कापली आणि त्याच नावाने सेव्ह केली. कोणतीही सूचना आली नाही. काही महिन्यांनी यादी जुळवताना दहाच कोड सापडले, तेव्हा उलगडा झाला की सेव्ह करताना त्या प्रोग्रॅमने आवाज तेवढा ठेवून टॅग टाकून दिला होता. उरलेल्या फाइलींतही दुसऱ्या एका प्रोग्रॅमला देवनागरी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसत होत्या, कारण इन्फो विभागातील मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत, असावा हे निश्चित ठरलेले नाही. ती अकरा शीर्षके पुन्हा हाताने भरताना मला फार वाईट वाटले.

फ्लॅकमध्ये अशा माहितीसाठी ठरलेली जागा एकच, वॉर्बिस कॉमेंट या टॅगची. मजकूर यूटीएफ-८ या, देवनागरीसह सर्व लिप्या सामावणाऱ्या, एन्कोडिंगमध्येच असायला हवा, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ळ’च राहतो, आणि आयएसआरसी या खात्याचा अर्थ तिथे आयएसआरसी असाच आहे. मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून गणिताने काढलेला पडताळणीचा आकडा) सामान्यतः फाइलच्या आरंभीच नोंदलेली असते, म्हणून टॅग कितीही वेळा बदलले तरी आवाजाला धक्का लागलेला नाही हे पडताळून पाहता येते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

अर्थात, फ्लॅक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ३२-बिट फ्लोटमधील (ध्वनीचे आकडे दशांश रूपात साठवणाऱ्या प्रकारातील) मिक्स त्यात ठेवता येत नाहीत, ते वेव्हमध्येच राहू द्यावे लागतात. आणि निष्काळजी प्रोग्रॅम फ्लॅकचेही टॅग गाळू शकतो. माझ्या वाट्याला ते अजून आलेले नाही, एवढेच. ज्यांना फाइल केवळ वितरकाकडे पाठवायची आहे आणि कोड तिथल्या अर्जातच भरायचा आहे, त्यांना वेव्ह पुरेशी ठरावी. स्वतःचा संग्रह वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याने मात्र अंतिम मास्टर फ्लॅकमध्ये ठेवावा आणि मागणी येईल तेव्हा त्यातून वेव्ह काढून द्यावी, असे मला वाटते.

कोड लिहिताना फक्त १२ अक्षरे-अंक लिहावेत. मधल्या आडव्या रेघा छापील सोयीसाठी असतात, त्या कोडचा भाग नाहीत. लिहून झाल्यावर फाइल बंद करून दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी.