शिकाऱ्यांची सॅक आणि माझी सोळा इंचांची पाठ: वर्षभराचा अनुभव

गेल्या जुलैत भाचा अमेरिकेहून इंदूरला आला, तेव्हा त्याच्या सामानात माझ्यासाठी एक सॅक होती. ५५ लिटरची, मातकट हिरवी, रिकामी असताना २ किलो ६०० ग्रॅम वजनाची, आणि शिकाऱ्यांसाठी बनवलेली. तिकडे लोक परवाना काढून चार-चार दिवस डोंगरात हरणाच्या आणि एल्क नावाच्या थोराड हरणाच्या मागे जातात, त्यांच्यासाठी अशा वेगळ्या सॅका निघतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला. मी पक्ष्यांचे फोटो काढते. पण माझी गरज शिकाऱ्याच्या गरजेच्या फार जवळ आहे, हे मला जुन्या सॅकनं शिकवलं होतं. दोन-तीन मुक्काम, पाठीवर जड लेन्स आणि ट्रायपॉड, तासन् तास एका जागी बसणं, आणि बसल्या जागी हात आत घालून आवाज न करता वस्तू बाहेर काढणं. साध्या ट्रेकिंग सॅकचं नायलॉन नेमकं अशा वेळी चुरचुरतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सॅकचे दोषही पुढे येणार आहेत, आणि कुठलीही सॅक घ्यायची म्हटलं तरी पुढचं सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी पाठ मोजा. मी मोजली ती सॅक घरी आल्यावर, म्हणजे उलट्या क्रमानं, आणि त्याची किंमत भोगली. वहिनीनं शिवणाचा टेप काढला. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं, तिथे टेपचं एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर, बोटं पुढे, अंगठे मागे, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे लागते, तिथे टेपचं दुसरं टोक. माझं माप निघालं १६ इंच. मग हौसेनं वहिनीचं घेतलं. ती माझ्याहून दोन इंच उंच, पण तिची पाठ भरली साडेपंधरा. उंची पायांत असते की पाठीत, हे वरून दिसत नाही. दुकानात ‘तुमची उंची किती?’ एवढं विचारून कुणी सॅक हातात देत असेल तर ती ठेवून यावं.

या सॅकच्या फ्रेमचं सर्वांत लहान माप १७ इंच. एक इंचानं काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पाठीपेक्षा फ्रेम लांब असली की खांद्याचे पट्टे खांद्यावर बसत नाहीत. वर पोकळी राहते, ओझं मागे लोंबतं आणि आपण नकळत पुढे वाकून चालतो. शिवाय कमरेचा बेल्ट धिप्पाड पुरुषांच्या हिशेबानं केलेला. पूर्ण ओढला तरी दोन्ही बाजूंच्या गाद्या पोटावर एकमेकींना भिडायच्या आणि बेल्ट ढिलाच राहायचा. त्या एका गोष्टीनं सगळ्या फ्रेमवर पाणी पडतं, कारण बरोबर बसलेल्या सॅकमध्ये ओझ्याचा बहुतेक भार कमरेच्या हाडांवर जातो. खांद्यांनी सॅक फक्त जागेवर धरायची असते. बेल्ट ढिला म्हणजे सगळं पुन्हा खांद्यांवर.

लहान बेल्टसाठी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की भारतात पाठवत नाही. शेवटी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या बॅगवाल्याकडे गेले. त्यानं दोन्ही गाद्या उसवल्या, आतला फोम प्रत्येक बाजूनं दोन इंच कापला आणि जाड नायलॉनच्या दोऱ्यानं पुन्हा शिवल्या. बेल्ट पाठीमागे वेल्क्रोच्या खोबणीत बसतो, तो तिथे इंचभर वर सरकवून पक्का केला. म्हणजे माझ्यापुरती फ्रेम १६ इंचांची झाली. त्याची शिवण आजही जशीच्या तशी आहे. कंपनीची एक शिवण उसवली, त्याची नाही. एवढं करून एक दुखणं राहिलंच. फ्रेमची खालची कड आता इंचभर खाली आली आहे आणि गुडघाभर उंच दगडावर चढताना ती मागे टेकते. सवय झाली, पण आवडत नाही.

मग घरात सराव. आमच्याकडे वर्षाचा शरबती गहू भरलेला असतो. त्यातला १० किलो पिशवीत बांधून सॅकमध्ये टाकला आणि गच्चीवर रोज संध्याकाळी अर्धा तास. रविवारी तीच सॅक घेऊन इंदूरजवळची रालामंडलची टेकडी. वर होळकरांची शिकारगाह आहे तिथपर्यंत चढायचं, पट्टे नीट लावायचे, उतरायचं. ज्या टेकडीवर राजेलोक शिकारीला येत, तिथे मी गहू भरलेली शिकारी सॅक घेऊन चढत होते, आणि ती टेकडी आता अभयारण्य आहे. मला हे फार आवडतं.

पट्टे लावण्याचा क्रम त्या सरावात पक्का झाला. आधी सगळे ढिले करायचे. बेल्टचा मध्य कमरेच्या हाडावर ठेवून तो घट्ट करायचा. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील इतकेच. मग खांद्यावरून फ्रेमच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते जरा ओढायचे. हे साधारण ४५ अंशांत असावेत. आडवे पडले तर ते काहीच उचलत नाहीत. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. आणि जड वस्तू पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मधल्या उंचीवर. लेन्स आणि पाणी तिथे, झोपायची पिशवी तळाला.

पहिला खरा प्रवास ऑगस्टमध्ये सैलान्याला, तणमोरासाठी. आमच्याकडे त्याला खरमोर म्हणतात. रतलामजवळचं हे अभयारण्य १९८३मध्ये खास त्याच्यासाठीच झालं. पावसाळ्यात नर गवतातून उभा वर उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावं म्हणून. या पक्ष्याची पूर्वी मनसोक्त शिकार झाली, ती नेमकी या उड्यांच्या मोसमात, कारण एरवी तो गवतात दिसतच नाही. आता उरलेत थोडे. तीन दिवसांत मला एकच नर दिसला, तोही लांबून, आणि त्याच्या चार उड्या मी मोजल्या.

सॅकचं म्हणाल तर सैलान्याला ती नापास. हिचं कापड बाहेरून लवेचं आहे, हात फिरवला की मखमलीसारखं लागतं. शिकाऱ्यांना ते याचसाठी हवं असतं, कारण फांदी घासली तरी करकरत नाही. पण माळावरच्या गवताची कुसळं त्या लवेत अशी रुतली की रोज रात्री चिमटा घेऊन बसावं लागे. आणि लव पाणी पिते. एका दुपारच्या पावसानंतर रतलामच्या मुक्कामी ताणकाट्यावर रिकामी सॅक टांगली, तर ३ किलो ४००. आठशे ग्रॅम नुसतं पाणी पाठीवर वाहत होते. सुकायला दोन दिवस लागले.

सोबत आलेलं रेनकव्हर भडक केशरी. आधी वाटलं, लपायच्या सॅकवर हा काय रंग? मग कळलं. तिकडे अनेक राज्यांत बंदुकीच्या मोसमात शिकाऱ्याला केशरी घालावंच लागतं, म्हणजे दुसऱ्याची गोळी लागत नाही. हरणाच्या डोळ्याला लाल-केशरी वेगळा ओळखता येत नाही, ते त्याला मळकट दिसतं, म्हणून चालतं. पक्ष्यांचं तसं नाही. पक्ष्यांना आपल्याहून जास्त रंग दिसतात, अतिनील धरून. म्हणून ते कव्हर मी पक्ष्यांपाशी कधी बाहेर काढत नाही, पण पावसात घाटरस्त्यावर ट्रक जवळून जातात तिथे लावते. कपडे उजळवणाऱ्या धुण्याच्या पावडरीही याच कारणानं टाळाव्यात. त्यातली चमक आपल्याला पांढरी भासते, जनावरांना आणि पक्ष्यांना निळसर झगझगीत. सॅक मी फक्त गार पाण्यानं आणि मऊ ब्रशनं पुसते.

नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरकडे खकनारच्या जंगलात गेलो, रानपिंगळ्यासाठी. १८८४नंतर कुणाला न दिसलेला हा पक्षी ११३ वर्षांनी, १९९७मध्ये, खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पिंगळा असूनही दिवसा हिंडतो आणि उघड्या फांदीवर बसतो. त्यामुळे तो दिसला की आपणही त्याला दिसतोच. इथे या सॅकनं पैसे वसूल केले. पुढच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी मोठी चेन आहे. सॅक मांडीपाशी आडवी ठेवायची, चेन अर्धी उघडायची, लेन्स काढायची. वरचं काहीच उपसावं लागत नाही. चेनच्या धातूच्या ओढण्या वाजायच्या, त्या मी घरीच कापून दोरीचे फासे लावले होते. बेल्टच्या बकलवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे चढवले, म्हणजे ‘टक्’ होत नाही. रतलामी शेवेचं पाकीटसुद्धा जंगलात केवढं वाजतं! शेव आता कापडी थैलीत.

सोबतच्या वनरक्षकानं दुसऱ्या दिवशी आपणहून म्हटलं, “दीदी, आपका बस्ता बोलता नहीं है.” मला यापेक्षा मोठी पावती नको.

पण खरं तेही सांगते. मार्चनंतर सागाची पानं जमिनीवर पसरली की पाऊल टाकताच पापड मोडल्यासारखा आवाज होतो, तिथे चालताना सॅकचं कापड मऊ असून उपयोग शून्य. त्याचा गुण बसल्यावर कळतो. तुम्ही फक्त चालणार असाल, बसणार नसाल, तर लवेच्या कापडासाठी जास्त पैसे घालू नका. ४२० किंवा ५०० डेनियरचं साधं नायलॉन पुष्कळ. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड आणि सॅक जड, एवढंच लक्षात ठेवलं की जाहिरातीनं डोकं फिरत नाही.

खकनारच्या तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या काकांचा पाय नाल्यात मुरगळला. गाडी दोनेक किलोमीटरवर होती. त्यांना दोघांनी खांद्याचा आधार दिला, आणि त्यांची १० किलोची सॅक माझ्याकडे आली. शिकाऱ्यांच्या सॅकची खरी खुबी मी त्या दिवशी पाहिली. हिची पिशवी फ्रेमपासून वरून सुटी होते आणि मधे एक फळी उघडते. तिकडे शिकार साधली की त्या मधल्या जागेत मांस बांधतात, म्हणजे सगळ्यात जड भाग पाठीला चिकटून राहतो आणि मागे ओढत नाही. मी तिथे काकांची सॅक आडवी ठेवली, चार पट्टे आवळले आणि उठले. माझं वजन ५४ किलो. एरवी मी चौथ्या हिश्शाच्या, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर जात नाही. त्या दिवशी पाठीवर तेवीसच्या आसपास होतं. ते दोन किलोमीटर सुखाचे नव्हते, मांड्या थरथरत होत्या, पण खांदे दुखले नाहीत आणि तोल एकदाही गेला नाही. गाडीपाशी सॅक उतरवली तेव्हा काका म्हणाले, “पोरी, माझ्यापायी तुला केवढा त्रास!” मी त्यांना फळी उघडून दाखवत होते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

जानेवारीत पचमढीहून सातपुड्यात तीन मुक्कामांची पायी वारी झाली, वाटाड्या आणि वनरक्षकांसोबत. थंडीत कपडे वाढतात, तेव्हा ५५ लिटर जेमतेम पुरले. त्याच फळीत मी ट्रायपॉड आणि पाण्याचा ५ लिटरचा कॅन घालत होते. पाणी लिटरमागे किलोभर, आणि दिवसाला माणशी ३ ते ४ लिटर धरावं लागतं. सॅक किती लिटरची हवी याचा हिशेब कपड्यांपासून सुरू न करता पाण्यापासून करावा. ६५ लिटरची घेतली असती तर मी ती भरलीच असती, हे मला माझ्या स्वभावावरून पक्कं माहीत आहे.

याच वारीत कंपनीची शिवण उसवली, डाव्या लोड लिफ्टरच्या मुळाशी. तीन दिवस सुतळीनं बांधून काढले. एवढ्या किमतीच्या सॅकला, नेमका भार येतो त्या ठिकाणी, हे व्हायला नको होतं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. ₹२८,००० कमी नाहीत.

उन्हाळ्याचं थोडक्यात. पाठीला सलग फोम आहे, जाळीची पाठ नाही. जाळीच्या सॅकमध्ये हवा खेळते, पण ओझं पाठीपासून लांब जातं, त्यामुळे शिकाऱ्यांच्या सॅकला ती सहसा नसते. एप्रिलमध्ये खिवनी अभयारण्यात पाठ भिजून चिंब झाली. घरी येऊन फोमवरचं मीठ पुसावं लागलं.

ठेवण्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण माझी जुनी सॅक तशीच गेली. कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. पावसाळ्यानंतर ओलसर सॅक घडी घालून माळ्यावर टाकली, तर दमटपणानं आणि उष्णतेनं तो लेप सडतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात, आणि वास येतो तो जात नाही. ही सॅक खोलीतच खुंटीवर असते, चेन उघड्या, पट्टे ढिले.

जुलै पुन्हा आला आहे. सैलान्याला यंदा भाच्याची जुनी नायलॉनची सॅक नेणार, ४० लिटरची, १६ इंचांवर नीट बसणारी. ही शिकारी सॅक गवतात नाही जायची. बॅगवाल्यानं लोड लिफ्टरची शिवण दुहेरी करून दिली आहे, नोव्हेंबरात खकनारला तीच येईल. काकांचा पायही बरा आहे.