वयाची अट आणि मागच्या सालची गुणपत्रिका

चाळिशी उलटल्यावर नर्स होण्याची इच्छा धरणाऱ्या स्त्रीला इंदूरमध्ये कोण, कसे गाठते आणि तिच्याकडून काय काय काढून घेते, हे मी स्वतः भोगलेल्या अनुभवावरून लिहीत आहे. आम्ही रामबागेत राहतो. सियागंजातील एका किराणा पेढीत मी 17 वर्षे हिशेबाचे काम केले. शिक्षण बारावी वाणिज्यपर्यंत झालेले आहे. ज्यांनी मला फसवले त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीची चौकशी अद्याप चालू आहे आणि मला वाचकांना संस्थेपेक्षा तिची रीत ओळखता यावी असे वाटते.

2021 च्या डिसेंबरात सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि आम्ही 19 दिवस एम. वाय. रुग्णालयात होतो. त्या वॉर्डातील एका सिस्टरने, हाताखाली पेशंटांची रांग असतानाही, रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, पातळ अन्न कसे द्यावे, देताना डोक्याकडची बाजू उंच का ठेवावी, दिल्यावर लगेच आडवे का करू नये, दर दोन तासांनी कूस का बदलावी आणि टाचेवरची न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण कशी असते, हे मला पुन्हा पुन्हा करून दाखवले. घरी आणल्यावर सात महिने मी ते सर्व सांभाळले. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती, आणि आयुष्यात प्रथमच मला असे वाटले की वह्यांतल्या आकड्यांपलीकडचे एखादे काम माझ्या हातांना नीट जमते.

चौकशी सुरू केल्यावर पहिल्या दोन नर्सिंग संस्थांनी माझी जन्मतारीख विचारली आणि तिथेच नकार दिला. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी वय 17 ते 35 वर्षे लागते, आणि मी 41 वर्षांची होते. बी.एस्सी. नर्सिंगचा विचारच नव्हता, कारण त्याला बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र हवे. त्या दिवशी मला तो नकार अपमानासारखा लागला आणि मी घरी येऊन रडले. आज मी त्या दोन्ही संस्थांच्या खिडकीवरील माणसांची मनापासून ऋणी आहे, कारण त्या सबंध काळात माझ्याशी खरे बोलणारी माणसे तीच होती.

त्यानंतर आठवड्याभरातच वर्तमानपत्रातून एक पत्रक आले. ‘नर्सिंग, वयाची अट नाही, नोकरीसोबत शिका’ असे त्यावर हिंदीत छापले होते. भंवरकुवा भागातील कोचिंगच्या गर्दीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचे कार्यालय होते. भिंतीवर चौकटीत लावलेली चार-पाच प्रमाणपत्रे होती आणि प्रत्येकावर सिंहमुद्रेसारखे काहीतरी होते. पुढे कळले की त्यांतले एक सोसायटी म्हणून झालेल्या नोंदणीचे होते, एक आयएसओचे होते आणि एका ‘राष्ट्रीय परिषदे’चे होते, जिचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या नावाशी एका शब्दाच्या फरकाने जुळते. ‘शासनमान्य’ या शब्दाखाली त्यांच्याजवळ फक्त सोसायटीची नोंदणी होती. ती तर भजनी मंडळाचीही होते.

समोर बसलेला तरुण अतिशय अदबीने बोलला. ‘‘दीदी, उमर का टेंशन आप हम पर छोड़ दीजिए,’’ असे म्हणून त्याने संगणकावर मला परिषदेचाच जीएनएमचा नियम उघडून दाखवला. वयाच्या अटीखालीच लिहिलेले होते की एएनएम झालेल्या उमेदवारांना ही अट लागू नाही. ते खरे होते आणि आजही खरे आहे. आधीपासून नोकरीत असलेल्या एएनएम बाईंना पुढे शिकता यावे म्हणून ती सवलत आहे. त्याने मात्र असे समजावले की माझी सात महिन्यांची शुश्रूषा ‘अनुभव’ म्हणून धरून ते माझे एएनएम एका वर्षात पूर्ण करवतील, आणि मग जीएनएमचे दार आपोआप उघडेल. मी हिशेबाची बाई. दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात कसा बसतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण सासूबाईंच्या उशाशी घालवलेल्या रात्रींना प्रथमच कोणीतरी किंमत देत होते. त्या तरुणाने माझी नेमकी ती जागा पाहिली होती.

एकूण शुल्क 1,90,000 रुपये ठरले. सप्टेंबर 2022 मध्ये 40,000 आणि जानेवारीत 65,000 दिले. त्यासाठी आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या मोडल्या. पुढे आणखी 60,000 दिले. पहिल्या रकमेची पावती मिळाली, परंतु तीवर ‘नर्सिंग’ हा शब्द नव्हता, ‘सेवाशुल्क’ होता. उरलेले पैसे संस्थेच्या खात्यात न घेता एका व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर घेतले. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतल्या आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. यजमानांनी मूळ कागद देऊ नकोस असे मला दोनदा सांगितले होते, हे येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरातल्या माणसाची शंका मी माझ्या इच्छेला विरोध म्हणून घेतली.

वर्ग फक्त रविवारी, तीन तास चालत. सराव प्रयोगशाळा नव्हती, मानवी पुतळा नव्हता, रक्तदाब मोजण्याचे एकच यंत्र होते आणि तेही बिघडलेले. आम्ही 15 जणी होतो. त्यांत एक अंगणवाडी सहायिका होती, एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोघी विधवा; आणि एकीलाही 35 वर्षांच्या अटीत बसून प्रवेश मिळण्याजोगा नव्हता. हे वैशिष्ट्य मला फार उशिरा दिसले. ज्यांना खऱ्या संस्थेचे दार बंद आहे अशांनाच तेथे वेचून आणलेले होते, म्हणजे त्यांच्यापैकी कोणी दुसरीकडे जाऊन तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

फेब्रुवारी 2023 पासून आम्हाला ‘प्रॅक्टिकल’साठी एका लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला पाठवू लागले. दिवसभर पेढीवर आणि रात्री वॉर्डात हे जमेना, म्हणून मार्चमध्ये मी 17 वर्षांची नोकरी सोडली. तेथे आम्ही चादरी बदलत होतो, बेडपॅन देत होतो, तापमान लिहीत होतो, आणि एक रुपयाही मिळत नव्हता. त्या कामात कमीपणा नाही, ते मी आनंदाने केले. पण नर्सचा गणवेश घालून आम्ही उभ्या असल्यामुळे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आम्हाला सिस्टर समजत, आणि तेथल्या व्यवस्थापकालाही तेच हवे होते.

एप्रिलमधल्या एका रात्री व्यवस्थापकाने माझ्या हातात पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्यूल आणि सिरिंज दिली आणि सात नंबरच्या पेशंटला ‘सोडून टाका’ असे सांगितले. पेशंट साठीच्या एक आजी होत्या, जुलाबांनी गळून गेलेल्या. मी औषध सिरिंजमध्ये भरले. सलाईनच्या नळीला जो रबरी भाग असतो, तिथे सुई टोचण्यासाठी मी हात पुढे नेला होता, कारण दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या कोणाला तसे करताना पाहिले होते. त्याच वेळी तेथल्या एकुलत्या खऱ्या सिस्टर फेरीवरून परत आल्या. त्यांनी माझे मनगट धरले आणि मला बाहेरच्या व्हरांड्यात नेले. हे औषध सलाईनच्या बाटलीत पूर्ण मिसळून, मोजलेल्या वेगानेच द्यावे लागते. नळीतून सरळ शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते, असे त्यांनी मला हळू आवाजात सांगितले. मी खाली बसले. माझे हात त्यानंतर पहाटेपर्यंत थरथरत होते.

त्यांनी मला रागावले नाही. माझा एनरोलमेंट क्रमांक काय, मी कोणत्या परिषदेची विद्यार्थिनी आहे, इतकेच विचारले, आणि मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. तेव्हा त्यांनी आपले नोंदणीचे कार्ड दाखवले. मध्य प्रदेशात नर्सची नोंदणी भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिलकडे होते, त्या नोंदणीवाचून नर्स म्हणून पेशंटच्या शिरेत सुई घालण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि एएनएमला दोन वर्षे व जीएनएमला तीन वर्षे हजर राहूनच शिकावे लागते, हे मला त्या रात्री दीड वाजता एका व्हरांड्यात कळले.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन माझ्या प्रवेशाचा पुरावा मागितला. चार दिवस टोलवल्यावर त्यांनी एक पाकीट दिले. आत माझ्या नावाची, माझ्या छायाचित्राची एएनएमची गुणपत्रिका होती, प्रथम श्रेणीची, सत्र 2014 ते 2016, आणि दुसऱ्या राज्यातील अशा गावच्या संस्थेची, जे गाव मी कधी पाहिलेले नाही. त्या काळात मी 33 ते 35 वर्षांची होते. वयाची अट ते कशी सांभाळणार होते ते आता उघड झाले. त्या दोन वर्षांत मी रोज सकाळी मुलीला शाळेत सोडून सियागंजात जात होते आणि माझ्या अक्षरातल्या रोकडवह्या पेढीवर आजही आहेत. त्या कागदाने माझ्या आयुष्यातली ती दोन वर्षेच खोडून टाकली होती.

नणंदेचे यजमान वकील आहेत. त्यांनी कागद पाहताच सांगितले की ही गुणपत्रिका मी कोठेही खरी म्हणून पुढे केली असती, तर बनावट दस्तऐवज वापरल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम 471 खाली आरोपी मीच झाले असते. फसवणारे याच भीतीवर निर्धास्त असतात. मूळ गुणपत्रिका परत मागितल्या तेव्हा त्यांनी आणखी 20,000 रुपये मागितले आणि मी ते दिले. इतर कशाहीपेक्षा ते देताना मला जास्त जड गेले. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. कोऱ्या कागदांवर घेतलेल्या माझ्या दोन सह्या अद्याप त्यांच्याकडेच आहेत, तेही तक्रारीत नमूद केले. पुढे हालचाल होईना म्हणून 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंद केली, तेव्हा जबाब घेतले गेले. आम्हा 15 जणींपैकी फक्त तिघी पुढे आल्या. बाकीच्यांच्या घरात तशाच गुणपत्रिका होत्या आणि त्यांना स्वतःच्याच नावाची भीती वाटत होती. त्यांना माझे सांगणे आहे की न वापरलेला कागद घेऊन पोलिसांकडे जाणारी स्त्री तक्रारदार असते; तो वापरल्यावर मात्र तिला तसे म्हणवून घेणे कठीण होते.

कोणी विचारले की ओळखावे कसे, तर मी प्रथम जन्मतारीख विचारते. वय 35 च्या पुढे असेल आणि आधीची खरी एएनएम नोंदणी नसेल, तर त्या दोन अभ्यासक्रमांना ‘प्रवेश मिळवून देतो’ म्हणणारा मनुष्य खोटे बोलतो आहे, पुढचे काही तपासायचे कारण नाही. वय बसत असेल तर संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आणि राज्याच्या काउन्सिलच्या यादीत त्या चालू वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहावे. संस्थेने छापून दिलेली यादी पाहू नये. एवढ्यानेही काम भागत नाही. आपल्याच राज्यात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने चौकशी सीबीआयकडे दिली, 308 महाविद्यालयांपैकी 169 योग्य असल्याचा अहवाल आला, आणि मे 2024 मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्यावरून सीबीआयचेच अधिकारी पकडले गेल्यावर त्या 169 ची पुन्हा तपासणी करावी लागली. मान्यता असलेल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींच्या परीक्षाही या काळात वर्षानुवर्षे अडकल्या. म्हणून यादीत नाव सापडले तरी शिकवणीचे रुग्णालय कोणते ते विचारून, तेथे दुपारच्या वेळी जाऊन, वॉर्डात खाटा आणि खाटांवर पेशंट आहेत की नाहीत, तिसऱ्या वर्षाच्या मुली तेथे शिकत आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहावे. रविवारच्या वर्गात नर्सिंग शिकवता येत नाही. मला तर आता असे वाटते की रोज यावेच लागेल असे जी संस्था बजावते, तिच्यावर त्या एका गोष्टीमुळे थोडा अधिक विश्वास ठेवावा.

माझ्या वयाच्या स्त्रीला आजाऱ्याची सेवा करण्याचे मार्ग बंद नाहीत, फक्त ते नर्सचे नाहीत. मी 2024 मध्ये जनरल ड्युटी असिस्टंटचे प्रशिक्षण घेतले; ते देणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितले की याने कोणी नर्स होत नाही आणि कोणी इंजेक्शन द्यायचे नाही. आता मी दोन घरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची देखभाल करते. पगार पेढीवरच्यापेक्षा कमी आहे आणि पाटल्या परत आलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी मी त्या दुसऱ्या राज्याच्या नर्सिंग काउन्सिलला आणि भोपाळच्या काउन्सिलला रजिस्टर पत्र पाठवले. 2014 ते 2016 या सत्रात माझ्या नावाने एएनएम उत्तीर्ण दाखवणारा जो कागद निघाला आहे तो खोटा असून त्या नावाने कधी नोंदणीचा अर्ज आलाच तर तो नाकारावा, असे त्यात लिहिले आणि सोबत पेढीच्या त्या दोन वर्षांच्या पगारपत्रकाची प्रत जोडली. दोन्ही पोचपावत्या आल्या आहेत. त्या मी बारावीच्या मूळ गुणपत्रिकेला लावून एकाच फाइलमध्ये ठेवल्या आहेत आणि ती फाइल कोठे आहे ते मुलीला दाखवून ठेवले आहे.