गंगापूर रोडने की गंगेकाठाने? ई-सायकल घेण्यापूर्वी

नाशिकमध्ये आनंदवल्लीकडे राहून रोज पंचवटीत कामाला जाणाऱ्या आणि आता स्कूटरऐवजी सायकल घ्यावी की ई-सायकल, या विचारात असलेल्या माणसाने वाहनाआधी वाट ठरवावी, गंगापूर रोडची की गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाची, असे माझे मत आहे.

मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर ठरलेल्या अटींत बसणारी ई-सायकल कायद्याने मोटार वाहन ठरत नाही व तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. मात्र त्यावरून पदपथ आपल्याला मोकळा झाला, असा अर्थ कोणी काढू नये. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मीटर. चालणारी वृद्ध व्यक्ती तेवढ्या वेळात जेमतेम एक मीटर पुढे जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, पण वीजपेटी, झाडाचा बुंधा आणि फळांची गाडी वगळल्यावर प्रत्यक्षात किती उरते, हे प्रत्येक नाशिककर जाणतो. त्यामुळे पदपथ दोन्ही वाहनांसाठी बादच धरावा.

काठाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या कडेने होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी वाटा बांधल्या होत्या. इंजिने आली, घोडे गेले, आणि आज तिथे पादचारी व सायकलस्वार एकत्र असतात. वाहने बदलली तरी वाटेची रुंदी तीच राहिली, म्हणून तिथे पादचाऱ्याला अग्रक्रम दिला जातो. आपली गंगा तर वाहतुकीची नदीच नाही. रामकुंडाजवळ स्नान, श्राद्धविधी आणि यात्रेकरू यांचा हक्क आधीचा आहे, घाटाच्या पायऱ्यांवर सायकल हाताने न्यावी लागते आणि पुराचे पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढल्यानंतर काठावर गाळ साचतो.

वेळेवर पोहोचणे आवश्यक असेल, तर ई-सायकल घ्यावी आणि दिवा व हेल्मेटसह रस्त्यानेच जावे. बस आणि अचानक डावीकडे वळणाऱ्या रिक्षा यांचा धोका तिथे आहे, तो पत्करावा लागतो. घाई नसेल, तर साधी सायकल, कोरडे महिने आणि काठाची सकाळ यांचा मेळ उत्तम बसतो, फक्त गर्दी दिसताच उतरण्याची तयारी हवी. खरेदीपूर्वी एका बुधवारी, घाटावर बाजार भरलेला असताना, ती वाट एकदा पायी चालून पाहावी.