आधी बरणी ठरवा, मग बी पेरा

टोमॅटोचा हंगाम ऐन भरात आला की घरात एकच धांदल उडते. आठवड्याभरात पंधरा-वीस किलो फळं उतरतात, ओट्यावर टोपल्या रचल्या जातात आणि रात्री दहा वाजता प्रश्न पडतो, आता याचं करायचं काय? हा प्रश्न खरं तर पेरणीच्या आधीचा आहे. घरच्या पिकावर कोठी भरायची असेल तर माल कसा टिकवणार ते आधी ठरवावं लागतं, कारण कोणती जात लावायची, झाडं किती आणि तोडा केव्हा, हे सगळं त्यावरच अवलंबून असतं.

टोमॅटोचंच बघा. झुडपासारखी वाढून ठरावीक उंचीवर थांबणारी जात आपला बहुतेक माल दोन-तीन आठवड्यांत देऊन मोकळी होते. वेलासारखी चढणारी जात हंगाम संपेपर्यंत थोडी थोडी फळं देत राहते. बाटल्या भरायच्या असतील तर पहिली हवी, म्हणजे मोठं भांडं एक-दोनदाच चढवावं लागतं. रोजच्या भाजीला आणि ट्रेभर वाळवायला दुसरी बरी. घेवड्याचंही तसंच आहे. बुटक्या जातीच्या शेंगा एकदम येतात, वेलाच्या सावकाश. चुकीची जात लावून बसलात तर बाटलीभर माल जमेपर्यंत आधीची फळं नासायला लागतात.

साठवणीच्या मुख्य वाटा पाच: आहे तसं ठेवणं, वाळवणं, गोठवणं, आंबवणं आणि बाटलीबंद करणं. एकीला वीज लागते, एकीला कोरडी हवा, एकीला रोजचं लक्ष, एकीला काटेकोरपणा. तुमच्या घरात यातलं काय मुबलक आहे ते आधी पाहा.

आहे तसं ठेवणं

नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं. कांदा, लसूण, बटाटा, भोपळा आणि शेंगांचे वाळलेले दाणे. यांना ना बरणी उकळावी लागते, ना फ्रीझर. तरी साठवणीचा विषय निघाला की लोक थेट बाटल्या आणि झाकणांवर येतात आणि ही सगळ्यात स्वस्त वाट मागे राहते.

मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पातीने माना टाकल्या की कांदा काढायचा आणि दोन-तीन आठवडे सावलीत, हवेशीर जागी सुकू द्यायचा. मान चिमटीत दाबली तर आत ओल जाणवता कामा नये. जाड मानेचे कांदे आधी खाऊन टाका, ते टिकत नाहीत. कांदा 0 अंशाच्या जवळपास छान टिकतो, 25 ते 30 अंशांतही बऱ्यापैकी टिकतो, पण या दोन्हींच्या मधल्या तापमानाला त्याला लवकर कोंब फुटतात. बटाट्याला अंधार, 4 ते 10 अंशांचा गारवा आणि दमट हवा हवी. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांद्याला कोरडी हवा मानवते, बटाट्याला दमट, म्हणून दोघांना एका टोपलीत ठेवू नका. सफरचंदंही बटाट्यापासून लांब ठेवा, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूचा बटाट्यावर परिणाम होतो. भोपळा देठासकट काढला आणि 10 ते 15 अंशांत ठेवला तर काही महिने राहतो.

घर बारा महिने उबदार असेल तर बटाट्याचा नाद सोडा. कांदा, लसूण आणि वाळलेले दाणे यांवर भर द्या. दाण्यांसाठी शेंग झाडावरच खडखडीत वाळू द्यायची. दाणे सोलून आणखी वाळवले आणि दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरले, तर किड्याची भीती बरीच कमी होते.

वाळवण की फ्रीझर?

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एक साधा हिशेब करू. टोमॅटोत 94-95 टक्के पाणी असतं. म्हणजे 10 किलो टोमॅटो नीट वाळवले तर हाती साधारण 600 ग्रॅम माल येतो, एका कप्प्याच्या कोपऱ्यात मावेल एवढा. तेच 10 किलो गोठवायचे तर अख्खा खण भरतो. जागा कमी असेल, वीज वारंवार जात असेल, तर वाळवणाला तोड नाही. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण 48 तास गार राहतो, अर्धा भरलेला 24 तास. त्यापुढे वर्षभराची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाऊ शकते.

पण चव आणि रंग या बाबतीत मटार आणि कोवळ्या घेवड्याला फ्रीझरच हवा, यात मला शंका नाही. -18 अंशांत भाज्या 8 ते 12 महिने चांगल्या राहतात. अट एवढीच की आधी उकळत्या पाण्यातून काढायच्या: घेवडा 3 मिनिटं, मटार दीड-दोन मिनिटं, आणि तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. हे टाळलं तर भाजीतली विकरं (एन्झाइम) गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू काम करत राहतात आणि काही महिन्यांनी शेंगेला गवतासारखी चव येते. पातळ पदार्थ काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि काचेची बरणी तडकते.

वाळवताना घाई नडते. 55 ते 60 अंशांची आच पुरे. जास्त दिली की वरचा थर कडक होतो आणि ओल आत अडकते. उन्हात वाळवायचं तर तापमान 30 अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली हवी. उन्हाच्या वाळवणाला फळं जास्त सुरक्षित, कारण त्यांतली साखर आणि आंबटपणा मदतीला असतात. भाज्यांना यंत्र किंवा ओव्हन बरा. भाजी मोडली तर कट्कन तुटायला हवी. फळाची फोड चामड्यासारखी लवचिक राहिली तरी चालते, पण दाबल्यावर पाणी सुटता कामा नये.

यानंतरची एक पायरी बहुतेक जण गाळतात. सफरचंदाच्या वाळलेल्या चकत्या बरणीत दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि आठवडा-दहा दिवस रोज एकदा बरणी हलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उजेडात धरून आतून पाहा. टाचणीच्या डोक्याएवढे थेंब दिसले, काचेवर धूसर वाफ दिसली किंवा चकत्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या, तर माल अजून ओला आहे. तो परत ट्रेवर पसरा. एक जाड, अर्धवट वाळलेली चकती सगळी बरणी सादळवते आणि मग बुरशी धरते. आठवडाभर काच कोरडी राहिली की बरणी गच्च भरून अंधाऱ्या, गार जागी ठेवा. 15 अंशांत वाळलेलं फळ वर्षभर टिकतं, 27 अंशांत जेमतेम सहा महिने. भाज्यांना त्याच्या निम्मा काळ धरा.

आंबवणं

सगळ्यात कमी साधनं आणि सगळ्यात जास्त शिकवणारी पद्धत. 1 किलो चिरलेल्या कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ लावून हाताने चुरत राहायचं. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही. मग कोबी मऊ पडतो, बोटांमधून पाणी ओघळू लागतं आणि परातीच्या तळाशी इतकं साचतं की वेगळं पाणी घालावं लागत नाही. बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा आणि कोबी पाण्याखालीच राहील असं बघा. 20 ते 24 अंशांत तीन-चार आठवड्यांत तो पुरता मुरतो. पानांवरचेच जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात घातक जिवाणूंचं काही चालत नाही.

मीठ अंदाजाने घालू नका, वजन करा. कमी झालं तर कोबी बुळबुळीत होतो आणि संरक्षणही जातं. वर पातळ पांढरी साय आली तर ती काढून टाका, पण लोकरीसारखी रंगीत बुरशी दिसली तर सगळी बरणी टाका. मुरल्यावर फ्रिजमध्ये काही महिने राहतो. मीठ वर्ज्य असलेल्या घरात मात्र ही पद्धत निवडू नये.

बाटलीबंद करणं

कोठीत ओळीने लावलेल्या लाल बाटल्या पाहिल्या की मन भरून येतं, आणि म्हणूनच इथे जास्त सावध राहावं लागतं. फ्रान्सच्या निकोला अपेरने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून उकळण्याची पद्धत 1810 मध्ये प्रसिद्ध केली आणि सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. हे अन्न का टिकतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा उलगडा काही दशकांनी पाश्चरच्या कामातून झाला. आपल्याला कारण माहीत आहे, तेव्हा डोळेझाक करायला जागा नाही.

बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीतही जगतात. हवा नसलेली, आंबटपणा नसलेली, खोलीच्या तापमानाला ठेवलेली बाटली त्यांना अगदी सोयीची. त्यांचं विष जीवघेणं असतं, आणि बाटलीला वास, रंग, चव यांतलं काहीच बिघडलेलं नसू शकतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तो 4.6 किंवा त्याखाली असेल तर मात्र हे जिवाणू वाढत नाहीत. ही रेघ पाठ करा. फळं, जॅम आणि व्हिनेगरमधली लोणची या रेघेच्या सुरक्षित बाजूला आहेत, त्यांना उकळत्या पाण्याची पद्धत चालते. घेवडा, मटार, मका, गाजर पलीकडे आहेत, त्यांना दाबाखालची 116 ते 121 अंशांची उष्णता लागतेच.

टोमॅटो बरोबर सीमेवर बसतो. जातीनुसार त्याचा पीएच 4.6 च्या वरही जातो. म्हणून कुस्करलेल्या टोमॅटोच्या अर्धा लीटरच्या बाटलीत 1 मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात बुडवून 35 मिनिटं ठेवायची. ताजं लिंबू नको, कारण त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. ही वेळ समुद्रसपाटीजवळची आहे. दर 300 मीटरला पाणी साधारण 1 अंश आधी उकळतं, त्यामुळे उंचावर वेळ वाढवावा लागतो.

घरातल्या प्रेशर कुकरमध्ये घेवड्याच्या बाटल्या करता येतील का? नाही. बाटल्यांच्या तपासलेल्या वेळा मोठ्या प्रेशर कॅनरसाठी, म्हणजे दाबाखाली बाटल्या तापवण्याच्या खास भांड्यासाठी, ठरवलेल्या आहेत. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, आणि तो काळही हिशेबात धरलेला असतो. लहान कुकर झटकन तापतो, झटकन थंड होतो, आणि बाटलीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचली याची खात्री उरत नाही. कॅनर घ्यायचा नसेल तर घेवडा फ्रीझरमध्ये ठेवा. फुगलेलं झाकण, गळती, उघडताना उसळणारा फेस यांतलं काहीही दिसलं तर चाखून पाहू नका, थेट टाका. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही याच धोक्यातला. तो कोठीत ठेवायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचा.

कोणी काय निवडावं

भाड्याच्या लहान घरात आणि खिडकीतल्या कुंड्यांवर भिस्त असेल तर मिरची आणि पानांचा मसाला वाळवा, एखादी बरणी कोबी आंबवा, बस. मटारप्रेमी घराला फ्रीझरचा खर्च परवडतो. दोन-चार वाफे असतील आणि सुट्टीचे दोन दिवस सलग मिळत असतील, तर बाटल्या कराच, पण पहिल्या वर्षी फक्त आंबट मालाच्या.

आणि संख्या खाण्यावरून काढा, बागेवरून नाही. आठवड्याला अर्धा लीटर टोमॅटो लागत असेल तर वर्षाला 52 बाटल्या. बाटलीला 650 ते 700 ग्रॅम फळ धरलं तर एकूण 35 किलोंच्या आसपास. झाडामागे 3 किलो धरले तर झुडपी जातीची 12 झाडं. तेवढी जागा नसेल तर 26 बाटल्यांपुरती 6 झाडं लावा आणि उरलेल्या वाफ्यात लसूण घाला. त्याला चूल पेटवावी लागत नाही.