63 अँपियरचा डिस्प्लेवाला व्होल्टेज प्रोटेक्टर : कोल्हापुरात घ्यावा का?

घ्यावा. मेन बोर्डात एमसीबीशेजारी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) रेलवर बसतो, आत-बाहेर फेज-न्यूट्रलच्या चारच वायरी. पण हा व्होल्टेज वाढवत नाही की कमी करत नाही, आकडा मर्यादेबाहेर गेला की घराचा पुरवठा तोडतो. लाइन दिवसभर 180 वर रखडत असेल तर स्टॅबिलायझरच लागेल.

230 हा नाममात्र आकडा. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर 11 केव्हीचे (11,000 व्होल्टचे) दोन फेजमध्ये 433 व्होल्ट करतो, म्हणजे लोड नसताना एका फेजला न्यूट्रलशी 250. पुढे तारेत जेवढा करंट, तेवढी घट. त्यामुळे एकाच डीपीवर जवळच्या घरात मध्यरात्री 248 आणि शेवटच्या पोलवर सकाळी गीझरच्या वेळी 205 दिसू शकतात. करवीरच्या गावांत त्याच डीपीवर उसाचे पंप असतील तर आणखी खाली. म्हणून सेटिंग विचार करून करा : वर 265, खाली 175. वरची 250 ठेवली तर डीपीशेजारच्या घरात रात्री उगाच ट्रिप होत राहील. परत चालू होण्याचा वेळ 180 सेकंद ठेवा. फ्रीज-एसीच्या कॉम्प्रेसरमधलं प्रेशर उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

याची खरी किंमत कळते न्यूट्रल तुटल्यावर. पावसाळ्यात वाऱ्याने पोलवरचा न्यूट्रलचा जंपर (जोडतार) सुटला की दोन फेजवरची दोन घरं फेज-फेजमधल्या 400 व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. एकात 2000 वॅटचा गीझर, दुसऱ्यात 200 वॅटचे पंखे-दिवे, बाकी काही चालू नाही असं धरा. दुसऱ्या घराला जवळपास 360 व्होल्ट! इथे एमसीबी गप्प बसते, कारण करंट जास्त नसतो. प्रोटेक्टर तोडतो. विजेच्या कडकडाटातला झटका मात्र प्रोटेक्टरमधल्या रिलेच्या (आतल्या स्विचच्या) आवाक्याबाहेरचा, त्याला एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) वेगळा हवा.

डिस्प्लेचा मोठा उपयोग दोष शोधायला. गीझर लावा आणि आकडा बघा. बोर्डावरच 15-20 व्होल्ट पडले तर दोष बाहेर : सर्व्हिस वायर, पोलवरचा जोड किंवा दूरची डीपी. बोर्डावर आकडा तसाच आणि मल्टिमीटरने सॉकेटवर मात्र कमी, तर दोष घरात. 1.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या 20 मीटर वायरीत 2000 वॅटला जेमतेम 4 व्होल्ट पडतात. शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत 12-15 पडले तर वायरीपेक्षा पिळून टेप मारलेला जोड आधी उघडा, बहुतेक काळा पडलेला असेल.

उणीव टर्मिनलची. 63 लिहिलेलं असलं तरी सतत 40 अँपियरच्या वर नेऊ नये. पिळाची वायर असेल तर टोकाला लग (धातूची टोपी) दाबूनच बसवा आणि महिन्याभराने मेन बंद करून स्क्रू पुन्हा आवळा. ढिला राहिला तर प्लास्टिक वितळतं. विकत घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून आकडा ताडून बघा, 3-4 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा नग मागा.