रुग्णालय निवडताना बातम्यांवर जावं की निकालांवर?

ऑपरेशन ठरवून करायचं असेल, विचाराला चार-आठ दिवस हातात असतील, तर रुग्णालय निवडायचे दोन रस्ते आहेत. एक, त्या रुग्णालयाबद्दल छापून आलेलं, टीव्हीवर दिसलेलं, फोनवर फिरत असलेलं पाहून मत बनवायचं. दुसरा, तिथे हे ऑपरेशन किती होतं आणि त्याचे निकाल काय, याचे आकडे मिळवायचे. कुठे जाहीर नसतील तर थेट विचारायचे. वडिलांच्या बायपासच्या वेळी मी दोन्ही करून पाहिलं.

बातमीला कमी लेखायचं कारण नाही. आकडे ज्यांच्याकडे असतात ते गप्प बसतात, तेव्हा तीच कामी येते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांत मृत्यू जास्त होतायत, हे आतल्या काही लोकांना ठाऊक होतं. ‘प्रायव्हेट आय’ या तिथल्या नियतकालिकाने १९९२ मध्ये ते छापलं. चौकशीचा अहवाल यायला २००१ साल उजाडलं. तशाच इतर केंद्रांशी तुलना करता १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं तिथे जास्त दगावली, असं त्यात निघालं. निकालांचे तक्ते लोकांना खुले झाले, त्यातही वृत्तपत्राचा हात आहे. न्यूयॉर्क राज्याचं आरोग्य खातं कोणत्या सर्जनचे बायपासचे निकाल कसे, ते जाहीर करत नव्हतं. ‘न्यूजडे’ कोर्टात गेलं आणि १९९१ मध्ये ते आकडे बाहेर आले.

तरीही मला बातम्यांची एक गोष्ट नडली, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. बातमीत ‘कितीपैकी’ नसतं. आमच्या यादीत दोन रुग्णालयं होती. एकाची बदनामी झालेली: ऑपरेशननंतर रुग्ण दगावला, नातेवाईकांनी गोंधळ घातला, दोन दिवस तेच चाललं होतं. एका नातलगांनी ते कात्रण आम्हाला तीनदा पाठवलं. दुसऱ्याचं सगळीकडे कौतुक: अत्यंत अवघड ऑपरेशन यशस्वी, हसऱ्या रुग्णाबरोबर डॉक्टरांचा फोटो. दोन्ही बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. वर्षभरात तिथे किती बायपास झाल्या, त्यातले किती रुग्ण गेले, हे एकीतही नव्हतं. शंभरात एक गेला की दहात एक, हे कळल्याशिवाय त्या मृत्यूवरून काय ठरवणार? आणि एका यशावरून तरी काय? पण मनावर ठसतं ते चित्रच. घरातल्या सगळ्यांचं मत त्या दोन बातम्यांवर पक्कं झालं होतं.

मग दोन्हीकडे जाऊन तोच प्रश्न विचारला. कौतुकवाल्या ठिकाणी ‘काही काळजी करू नका’ म्हणाले आणि कात्रणांची जाड फाइल समोर ठेवली. बदनाम झालेल्या ठिकाणी सर्जननी संगणकावर गेल्या वर्षीची नोंद उघडली, एकूण किती, तीस दिवसांत किती दगावले, परत दाखल किती करावे लागले, सगळं सांगितलं. ‘तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, किडनीही थोडी कमजोर आहे, त्यामुळे त्यांचा धोका या सरासरीपेक्षा जास्त धरा,’ हेही तेच म्हणाले. आम्ही तिथेच केलं. वडील बरे आहेत. एका अनुभवावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मलाही मान्य आहे.

आकड्यांचे तोटेही खरे आहेत. वर्षाला पन्नास ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनचा एक मृत्यू वाढला की टक्केवारी दोनाने चढते, त्यात नशिबाचाही भाग असतो. म्हणून एका वर्षाचा आकडा घेऊ नये, दोन-तीन वर्षांचा मागावा. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. निकाल जाहीर होऊ लागले की अवघड रुग्ण घ्यायला काही सर्जन कचरतात. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात असे तक्ते निघाल्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. अतिगंभीर रुग्णांसाठी सर्जन मिळवणं अवघड झालं, असं त्यांतल्या ५९ टक्के डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून वय, इतर आजार, हृदयाची अवस्था यांचा हिशेब धरून काढलेला मृत्युदरच पाहावा. नुसता कच्चा आकडा पाहिला तर सोपे रुग्ण निवडणारा वर दिसतो.

रुग्ण ऑनलाइन रेटिंग म्हणून जे तारे देतात, त्यांचं थोडक्यात: पार्किंग, बिल, वागणूक, स्वच्छता यांसाठी ते ठीक. नर्स हाक मारल्यावर येते का, हेही त्यातून कळतं आणि ते महत्त्वाचं आहे. पण आत टाके कसे पडले, हे रुग्णाला दिसत नाही.

तुमची गोष्ट वेगळी असू शकते. रुग्णालयाविरुद्ध एकाच प्रकारच्या तक्रारी वर्षानुवर्षं छापून येत असतील, तर त्या मी नजरेआड करणार नाही. उलट त्या घेऊनच डॉक्टरांसमोर बसेन. पण दोन्हींत एकच निवडा म्हणालात, तर माझा कल निकालांकडे आहे. जाताना प्रश्न लिहून न्या: हेच ऑपरेशन वर्षाला किती करता, तीस दिवसांतले मृत्यू किती, जंतुसंसर्ग किती जणांना होतो, आणि आमच्या रुग्णासारख्यांचं काय होतं. उत्तर तोंडी मिळालं तरी चालेल, फक्त ‘कितीपैकी’ ते सांगायला लावा.